कोर्लईत पोर्तुगीज बोलतात, बॉस!

काशिदला जाताना उजव्या हाताला एक गाव नेहमी सुटून जातं. तिथे एक किल्ला आहे, एक चर्च आहे आणि जगात दुसरीकडे कुठेही बोलली जात नाही अशी एक भाषा आहे. पुढच्या वीकेंडला गाडी जरा आधीच वळवा...

अलिबाग-मुरूड रोड तुम्हाला पाठ असणार. नागावला पोहे, चौलच्या वाड्यांमधली गार सावली, रेवदंड्याच्या किल्ल्यातून आरपार जाणारा रस्ता, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल, साळाव, टेकडीवरचा बिर्लांचा गणपती, तिथे एक ग्रुप फोटो आणि मग कुणीतरी म्हणतं, 'आता डायरेक्ट काशिद!' या 'डायरेक्ट'मध्येच कोर्लई मारली जाते. मुरूड तालुक्यातलं हे गाव अलिबागपासून जेमतेम वीस-बावीस किलोमीटरवर आहे. समुद्रात जीभ काढल्यासारखा एक लांबट डोंगर, त्यावर किल्ला, पायथ्याशी घरं आणि सुकत घातलेली मासळी. २०२२च्या सुमाराला हे नाव टीव्हीवर रोज ऐकू यायचं, पण ते बंगल्यांच्या राजकारणामुळे. त्या गदारोळात गावाची खरी बातमी कुणी सांगितलीच नाही.

खरी बातमी ही, की किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत लोक घरात मराठी बोलत नाहीत. कोकणीही नाही आणि इंग्रजी तर नाहीच. ते जी भाषा बोलतात तिचं नाव 'नॉ लिंग'. म्हणजे 'आमची भाषा'. शब्द पोर्तुगीज, चाल बरीचशी मराठी. ती बोलणारे आठशे ते हजार लोक, म्हणजे तुमच्या आयटी पार्कमधल्या एका बिल्डिंगच्या लिफ्टसमोर सकाळी साडेनऊला उभे असतात त्यापेक्षा कमीच!

मी आणि माझा फोटोग्राफर मित्र वस्तीत शिरलो तेव्हा दोन बायका गल्लीच्या दोन बाजूंनी एकमेकींशी बोलत होत्या. सूर अगदी आपला. हातवारे आपले. एखादी म्हणावी तशी 'अगं बाई'ची लकेरसुद्धा. पण शब्द काही केल्या हाताला लागेनात. आम्हाला पाहिलं आणि दोघी क्षणात मराठीवर आल्या. कुठून आलात, चहा घेणार का, किल्ल्यावर जायचंय तर ऊन उतरल्यावर जा. इतकं स्वच्छ मराठी, की आधी ऐकलं तो भास होता की काय असं वाटावं. मित्र म्हणाला, 'आपण कॉलवर मॅनेजर आला की इंग्लिशवर जातो ना, तसंच झालं हे.' अगदी तसंच.

तर ही पोर्तुगीज इथे आली कुठून?

चौल हे बंदर पोर्तुगीजांच्याही कितीतरी आधीचं. १४६९ मध्ये अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथेच उतरला होता. पोर्तुगीज आले आणि १५०८ मध्ये याच चौलच्या पाण्यात इजिप्तच्या आरमाराशी त्यांची मोठी लढाई झाली. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा तिथेच मारला गेला. तरी त्यांनी चिवटपणा सोडला नाही. अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने १५२१ मध्ये त्यांनी खाडीच्या उत्तर काठावर, म्हणजे आजच्या रेवदंड्यात, किल्ला बांधायला घेतला. आत वस्ती वाढली, चर्च झाली, मठ झाले. रेवदंड्यात आज नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये जे उंच पडके मनोरे दिसतात, ते त्या शहराचे अवशेष. त्यातल्या सातखणी मनोऱ्यापाशी क्षणभर थांबा, मान मोडेपर्यंत वर बघा आणि पुढे चला.

खाडीच्या दक्षिणेला समोरच कोर्लईचा डोंगर. तो ज्याच्या हातात, त्याच्या तोफा खाडीच्या तोंडावर. निजामशाही फौजांनी १५७०-७१ मध्ये चौलला मोठा वेढा घातला होता, तो फसला. पुढे त्यांनी याच डोंगरावर तटबंदी उभारून पोर्तुगीजांच्या नाकासमोर तोफा रोखल्या. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी खाडी ओलांडून हल्ला केला आणि डोंगर घेतला. त्यानंतर जवळपास दीडशे वर्षं दोन्ही काठ त्यांचे. वसई राजधानी असलेल्या त्यांच्या 'उत्तर प्रांता'ची ही दक्षिणेकडची टोकाची ठाणी.

या दीडशे वर्षांत इथे कोण राहत होतं, ते भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचं. लिस्बनहून आलेले बडे अधिकारी मोजके. बाकी सगळे साधे शिपाई, त्यांनी इथल्या बायकांशी केलेली लग्नं, त्यातून झालेली मुलं, नव्याने बाप्तिस्मा घेतलेली गरीब स्थानिक कुटुंबं, घरकामाला आणलेले गुलाम. मालकाची भाषा अर्धीमुर्धी ऐकून नोकर बोलणार, नोकराची मुलं तीच अर्धीमुर्धी भाषा आईच्या मांडीवर शिकणार आणि बघता बघता तिची एक पूर्ण, नियमबद्ध भाषा होणार. भाषाशास्त्रात याला 'क्रिओल' म्हणतात. मोडकी पोर्तुगीज म्हणून तिला नाक मुरडायची जुनी सवय आहे. मराठीला कुणी मोडकी संस्कृत म्हटलं तर आपल्याला कसं वाटेल?

मग १७३९ उजाडलं. चिमाजी अप्पांनी वसई घेतली हे आपण शाळेत शिकलो. त्या विजयाचा पुढचा पान मात्र कुणी उलटत नाही. १७४० मध्ये तह झाला आणि चौल-कोर्लईही मराठ्यांकडे आलं. ज्यांच्याकडे पैसा, जहाज आणि गोव्यात नातेवाईक होते ते गोव्याला निघून गेले. उरले ते ज्यांना जायला जागाच नव्हती. धर्म ख्रिस्ती, रंग इथलाच, हातात ना जमीन ना हुद्दा. ही माणसं कोर्लईच्या डोंगराखाली, समुद्र आणि खाडीच्या बेचक्यात एकत्र राहिली. राज्य मराठ्यांचं झालं, १८१८ला इंग्रजांचं झालं, शेजारी जंजिऱ्याचा सिद्दी होताच. यांच्या घरात मात्र आज्या नातवंडांना ज्या भाषेत रागवत होत्या, त्याच भाषेत रागवत राहिल्या.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त रस इथेच आहे. भाषा टिकली कशी? कुणी समिती नेमली नाही, संमेलन भरवलं नाही, 'आपली भाषा वाचवा' असे बॅनर लावले नाहीत. भाषा टिकली कारण या लोकांशी कुणाचं फारसं देणंघेणंच नव्हतं. आजूबाजूला हिंदू आणि मुसलमान. रोटीबेटी व्यवहार कुणाशीच नाही, कारण धर्म आड आणि जातही आड. दुसऱ्या ख्रिस्ती वस्त्या लांब, आणि मधे खाडी. लग्नं आपापसातच. बाहेर शेतीवर, मजुरीवर जेवढं लागेल तेवढं मराठी. उंबरठ्याच्या आत नॉ लिंग. अडीचशे वर्षं!

वसईकडे बघितलं की हा फरक जास्त कळतो. वसईत ख्रिस्ती लोक कितीतरी जास्त, चर्च कितीतरी मोठी. पण तिथे गावंच्या गावं ख्रिस्ती झाली ती आपली बोली सोबत घेऊन. म्हणून वसईचे कुपारी आजही सामवेदी बोलतात, ती मराठीचीच बोली. पोर्तुगीज होती ती वरच्या थरात, आणि तो थर गोव्याला गेला. मुंबई-ठाण्याच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, गोव्याहून नोकरीसाठी आलेल्यांपेक्षा आपण वेगळे हे कंपनी सरकारच्या जुन्या नोकरदारांनी ठसवण्यासाठी. त्यांच्यातही एके काळी अशीच क्रिओल बोलली जायची. गोव्याचे विद्वान धर्मगुरू सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो यांनी १९०६ मध्ये या उत्तरेकडच्या बोलीवर लिहिलं, तेव्हा ती मुंबईत ओसरायला लागली होती. मुंबईतून ती गेली. वसईतून गेली. चौल तर केव्हाच ओस पडलं होतं. राहिलं ते सगळ्यात छोटं आणि सगळ्यात गरीब गाव.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे जे. क्लान्सी क्लेमन्ट्स यांनी या भाषेवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यात व्याकरणाची जी गंमत आहे ती ऐकून तुम्हाला आपलं ऑफिस आठवेल. पोर्तुगीजमध्ये 'मी खातो भात' असा क्रम असतो, क्रियापद मधे. कोर्लईची पोर्तुगीज क्रियापद शेवटी नेते, मराठीसारखं. शब्द लिस्बनचे आणि वाक्य रायगड जिल्ह्याचं! त्याहून भारी म्हणजे क्रियापदांचा प्रकार. पोर्तुगीज क्रियापदांचे तीन गट असतात, शेवटच्या स्वरावरून. कोर्लईने चौथा गट स्वतः तयार केला. मराठी क्रियापद उचलायचं, त्याच्या शेवटी 'उ' लावायचा आणि वापरायला काढायचं. आपण 'मेल फॉरवर्ड कर', 'मीटिंग शेड्यूल कर' म्हणतो तेव्हा नेमकं हेच करत असतो. परकं क्रियापद आत घ्यायला प्रत्येक भाषा एक दार ठेवते. आपलं दार 'करणे', त्यांचं दार 'उ'.

आणि आपण यांच्याकडे अजब प्रकार म्हणून बघायचं कारण नाही. सकाळी उठून तुम्ही पाव खाता, शर्टाला इस्त्री करता, चावी शोधता आणि महिनाअखेरीला पगाराची वाट बघता. पाव, इस्त्री, चावी, पगार, चारही शब्द पोर्तुगीजांचे. बटाटा त्यांचा, घमेलं त्यांचं, लिलाव त्यांचा, हापूस तर एका पोर्तुगीज अफोन्सोचं नाव. डिसेंबरात ज्याच्या शुभेच्छांचे मेसेज फिरतात तो 'नाताळ'सुद्धा पोर्तुगीज. कोर्लईकरांनी आपले शब्द घेतले, आपण त्यांचे. हिशेब बराचसा फिट्टंफाट.

आता चर्च. गावातलं चर्च माउंट कार्मेल मातेचं. कार्मेल हा पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावरचा डोंगर, आजच्या हैफा शहरापाशी समुद्रावर झुकलेला. तिथल्या संन्याशांच्या पंथाने मारियेला आपली आई मानलं आणि पोर्तुगीजांनी तिला जिथे जिथे जहाज लागलं तिथे तिथे नेलं. वांद्र्यातही तिचं चर्च आहेच. पण समुद्रावर झुकलेल्या डोंगराची आई समुद्रावर झुकलेल्या डोंगराखाली येऊन बसावी हा योगायोग मला फार आवडला. कॅलेंडरप्रमाणे तिचा सण १६ जुलैला येतो, म्हणजे ऐन पावसात, समुद्र पिसाळलेला असताना.

या धर्मग्रामाचा इतिहास आणि या भाषेचा इतिहास वेगळा काढताच येत नाही. पोर्तुगीज सत्ता गेली, पण पोर्तुगीज बोलणारे पाद्री येत राहिले. चर्चच्या कारभारात हा भाग दीर्घकाळ पोर्तुगालच्या राजाच्या धार्मिक अधिकाराखाली राहिला, जमिनीवर राज्य कुणाचंही असो. मिस्सा लॅटिनमध्ये, पण प्रवचन, प्रार्थना, मुलांना धर्मशिक्षण हे सगळं पोर्तुगीजमध्ये. म्हणजे घरात नॉ लिंग आणि रविवारी तिची शुद्ध, इस्त्री केलेली मावशी. आपल्या भाषेला मागे कुणीतरी मोठं आहे, ही भावना गरीब माणसाला कमी नसते. शेजारी आपल्याला काही समजोत, देव आपल्या भाषेच्या जवळची भाषा बोलतो!

मग रोममध्ये १९६२ ते १९६५ दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. तिने जो ऐतिहासिक निर्णय घेतला तो हा, की उपासना लोकांच्या भाषेत व्हावी. लॅटिन समजत नाही तर देवाशी बोलणार कसं? जगभरच्या चर्चमध्ये त्यामुळे लोकांची भाषा आली. महाराष्ट्रात मराठी आली. कोर्लईतही मराठी आली. याच सुमाराला पोर्तुगीज बोलणाऱ्या पाद्रींची परंपराही थांबली. १९६१ मध्ये गोवा भारतात आला होता आणि पोर्तुगालशी संबंधच तुटले होते. गाव मुंबईच्या धर्मप्रांतात आहे, तिथून येणारे फादर मराठीत उपासना करतात.

जरा थांबून याचा विचार करा. 'लोकांच्या भाषेत' हा नियम बनवला त्यांच्या मनात लोकांबद्दल प्रेमच होतं. तो लागू करताना नकाशात महाराष्ट्र दिसला, महाराष्ट्राची भाषा मराठी म्हणून मराठी. कोर्लईच्या त्या वस्तीत मात्र मराठी ही लोकांची भाषा नव्हती, बाजाराची आणि सरकारची होती. मातृभाषेत प्रार्थना करायची सोय झाली आणि तिने मातृभाषाच चर्चच्या बाहेर ठेवली. कुणाची चूक? खरं सांगायचं तर कुणाचीच नाही. आठशे-हजार लोकांसाठी, लिपी नसलेल्या भाषेत प्रार्थनेचं पुस्तक कोण छापणार होतं? आणि मराठी सगळ्यांना कळत होतीच.

बाकीचं काम शाळेने आणि पुलाने केलं. शाळा मराठी. १९८६ मध्ये कुंडलिकेवर पूल झाला आणि तोपर्यंत होडीची वाट बघणारं गाव रेवदंडा-अलिबागला मिनिटांच्या अंतरावर आलं. साळावला पोलादाचा कारखाना आला. एसटी, नोकऱ्या, कॉलेज, मग मुंबई. हे सगळं गावाला हवंच होतं.

मी धुळ्याची, देवपूरची. पांझरेच्या पलीकडे, एकवीरा देवीच्या देवळाच्या बाजूला. आमच्याकडे ख्रिस्ती धर्म आला तोच मुळात फार उशिरा, विसाव्या शतकाच्या आसपास, स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांबरोबर, आणि तोही नवापूर-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात. त्यामुळे चर्चच्या बाबतीत मला कोर्लईत ओळखीचं काहीच नव्हतं. भाषेच्या बाबतीत सगळंच ओळखीचं होतं. माझी मोठी माय 'काय करी राहिनी व माय?' असं अहिराणीत विचारते आणि मी 'काही नाही गं, मेल बघतेय' असं मराठीत उत्तर देते. दोघींना सगळं कळतं. कुणाचं काही अडत नाही. शाळेत अहिराणी शब्द तोंडातून निसटला की वर्ग हसायचा, तिथून हे सुरू झालं असावं. कोर्लईच्या गल्लीत एक आजी नातवाला काहीतरी सांगत होती आणि पोरगं चेंडू बडवत मराठीत 'हो, जातो' म्हणालं, तेव्हा मी फोटोसाठी पुढे झालेल्या मित्राचा हात धरून त्याला मागे ओढलं. का, ते त्याला सांगता आलं नाही.

अहिराणी बोलणारे लाखोंनी आहेत, तिची काळजी कुणाला लगेच वाटणार नाही. खानदेशाच्या बोलींना एक बहिणाबाईही मिळाली. लिहिता-वाचता न येणाऱ्या, जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बाईची गाणी १९५२ मध्ये छापली गेली आणि लेवा गणबोली अख्ख्या महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसली. नॉ लिंगमध्ये लग्नातली, खेळातली गाणी आहेत, गोष्टी आहेत. पण ते सगळं तोंडात आहे. तोंडं बंद झाली की संपलं.

हे काही उगाच घाबरवणं नाही. केरळात कोचीजवळच्या वैपीन बेटावर अशीच एक पोर्तुगीज क्रिओल होती. कोचीतून पोर्तुगीज १६६३ मध्येच गेले, डच आले, इंग्रज आले, तरी ती साडेतीनशे वर्षं टिकली. २० ऑगस्ट २०१० रोजी विल्यम रोझारिओ हे गृहस्थ वारले आणि त्यांच्याबरोबर ती भाषा गेली. तिचं एवढं नेमकं मरणाचं साल आपल्याला सांगता येतं. आपल्या स्मार्टफोनच्या जमान्यातली गोष्ट आहे ही.

म्हणून कोर्लईबद्दल 'अय्या, किती क्यूट' असा सूर लागला की मला जरा राग येतो. अडीचशे वर्षं ज्या एकटेपणामुळे भाषा टिकली तो एकटेपणा काही रोमँटिक नव्हता. त्यात गरिबी होती, जात होती, आणि आजारी माणसाला खाडीपार न्यायला होडी मिळेल की नाही ही चिंता होती. आपल्याला वीकेंडला ऐकायला मजा वाटते म्हणून त्यांनी पूल नको म्हणावा, पोरांना मराठी-इंग्रजी शिकवू नये, अशी अपेक्षा करणारे आपण कोण? उलट प्रश्न आपल्याकडे यायला हवा. नॉ लिंगमधल्या चार गोष्टी इथल्या मराठी शाळेच्या वर्गात सांगितल्या गेल्या, तर मराठीचं काय बिघडेल? पोरगं घरी जाऊन आजीला त्याच भाषेत उत्तर देईल, इतकंच. पुढेमागे लिहायची झाली तर लिपीची अडचण यायचं कारण नाही. देवनागरी तर त्या पोरांना येतेच.

किल्ल्यावर जा, नक्की जा. दीपगृहाच्या बाजूने पायऱ्यांची वाट आहे, दमछाक फारशी नाही. वर पोचलात की कळतं, हा किल्ला म्हणजे एक लांबच लांब, अरुंद कणा आहे. दोन्ही बाजूंना पाणी. एकामागून एक दरवाजे ओलांडत चालत राहायचं. एका बाजूला खाडीच्या मुखापलीकडे रेवदंडा, दुसरीकडे उघडा समुद्र. मधे छप्पर उडालेलं चर्च आहे, दगडांवर पोर्तुगीज कोरीव लेख आहेत, पाण्याचं टाकं आहे आणि महादेवाचं छोटंसं मंदिरही आहे. मराठ्यांनी किल्ला घेतल्यावर बुरुजांची नावं बदलली. सान फ्रान्सिस्कोचा गणेश बुरुज झाला. म्हणजे नामांतराची हौस काही आजची नाही!

त्या पडक्या चर्चच्या भिंतीपाशी उभं राहून खाली पाहिलं, तर गावातली कौलं दिसतात. वर सैन्य, तोफा, राजाचं नाव कोरलेले दगड. ते सगळं १७४०ला संपलं. खाली ज्यांच्या नावाचा एक दगडही नाही त्यांच्या घरात त्या राजाची भाषा अजून बोलली जाते, तीही त्यांनी आपल्या सोयीने वाकवून, मराठीच्या वळणावर आणून.

जायचं कसं? मुंबईकरांना गेटवेवरून मांडव्याची लाँच आहे. गाडी सोबत हवी तर २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट आहे. पावसाळ्यात लाँच बंद असतात, तेव्हा पेणवरून रस्त्याने. पुणेकरांना खोपोली-पेण-अलिबाग. अलिबागहून रेवदंड्यावरून मुरूडला जाणारी एसटी कोर्लईला थांबते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. उन्हाळ्यात किल्ल्यावर सकाळी आठच्या आत चढा, वर सावली नाही. राहायचं असेल तर रेवदंडा किंवा काशिद. चर्चमध्ये उपासना चालू असेल तर चपला आणि आवाज दोन्ही बाहेर ठेवा. आणि कृपा करून कुणाच्या तोंडासमोर मोबाइल धरून 'जरा पोर्तुगीज बोलून दाखवा ना' म्हणू नका. सरळ जाऊन चहाच्या टपरीवर बसा, मासळीचा भाव विचारा, आपल्या गावाचं नाव सांगा. मासळीवाल्या मावशी मराठीतच बोलतील. तुमचं वळण संपल्यावर त्या मागच्या बाईकडे वळून काहीतरी म्हणतील, ते ऐका.